डिजिटल प्रेशर गेजमधील डेटा लॉगिंगच्या सेटिंग्ज कशा ठरवाव्यात?

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. भोसरीच्या औद्योगिक वसाहतीतील एका मशीन शॉपमध्ये ७ बार दाबाची कॉम्प्रेस्ड एअर लाइन नव्याने वाढवली आहे. वाढवलेला भाग भरून, व्हॉल्व्ह बंद करून रात्रभर ठेवला असता संध्याकाळचे ७.०० बारचे रीडिंग सकाळी ६.७४ बार दिसले. गळती आहे असे देखभाल विभाग म्हणतो आणि ठेकेदार ते मान्य करत नाही. दुसरी अडचण अशी की, जुन्या लाइनवरील एका सीएनसी मशीनवर दिवसातून दोन-तीनदा हवेचा दाब कमी झाल्याचा अलार्म येतो, पण माणूस जाऊन पाहतो तेव्हा दाब व्यवस्थित असतो. या दोन्ही कामांसाठी लॉगिंगची, म्हणजे ठरावीक अंतराने रीडिंग आपोआप नोंदवण्याची, सोय असलेला डिजिटल गेज घेतला आहे. त्यात इंटरव्हल (दोन नोंदींमधील वेळ), मेमरी, फिल्टर, सुरुवातीची वेळ अशा अनेक सेटिंग्ज आहेत. त्या कशा ठेवाव्यात?

पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या पट्ट्यात दाबमापनाचे काम मी बरीच वर्षे करत आलो आहे. त्या अनुभवावरून पहिली सूचना करतो ती ही की, या दोन कामांसाठी एकच सेटिंग वापरू नका. पहिल्या कामात दाब तासन् तास हळूहळू बदलतो आणि आपल्याला एक टक्क्याच्या आसपासचा फरक खात्रीने ओळखायचा आहे. दुसऱ्या कामात दाब कदाचित अर्ध्या सेकंदासाठीच पडतो, पण चांगला बार-दीड बार पडतो. एकात आकड्याची विश्वासार्हता महत्त्वाची, तर दुसऱ्यात वेग. दोन्हींना पुरेल असे मधले सेटिंग शोधत बसलात, तर पहिल्या कामात मेमरी वाया जाईल आणि दुसऱ्यात हवी ती घटनाच नोंदीत सापडणार नाही.

आधी रात्रभराच्या होल्ड टेस्टचे, म्हणजे लाइन भरून बंद ठेवून दाब टिकतो का हे पाहण्याच्या परीक्षेचे, पाहू. येथे १ मिनिटाचा इंटरव्हल पुरेसा आहे. संध्याकाळी ५ पासून सकाळी ६ पर्यंत १३ तासांत ७८० नोंदी होतील आणि त्या कोणत्याही गेजच्या मेमरीत सहज मावतील. गेजमध्ये तात्कालिक मूल्य आणि इंटरव्हलमधील सरासरी असे दोन पर्याय असतील, तर येथे सरासरी निवडावी. बंद लाइनमध्ये वेगाने घडणारे काही नसते, त्यामुळे सरासरीने लपणारेही काही नसते. उलट शेवटच्या अंकाची चलबिचल निघून जाऊन आलेख स्वच्छ येतो. मेमरी भरल्यावर थांबण्याचा पर्याय चालू ठेवावा, जुन्या नोंदींवर नव्या लिहिण्याचा नको, कारण या परीक्षेत सुरुवातीचे रीडिंगच सर्वांत मोलाचे आहे.

मात्र तुमच्या प्रश्नात एक आकडा नाही आणि त्यावाचून तुमच्या व ठेकेदाराच्या वादाचा निकाल लागणार नाही. तो आकडा म्हणजे तापमान. बंद पात्रातील हवेचा निरपेक्ष दाब (गेजवरील दाब अधिक वातावरणाचा दाब) निरपेक्ष तापमानाच्या, म्हणजे केल्विनमधील तापमानाच्या, प्रमाणात बदलतो. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंच असल्यामुळे येथील वातावरणाचा दाब साधारण ०.९५ बार असतो. म्हणजे गेजवरील ७.०० बार हा प्रत्यक्षात ७.९५ बार निरपेक्ष दाब झाला. पत्र्याच्या शेडखाली संध्याकाळी ५ वाजता पाइपमधील हवा ३५ अंश सेल्सिअस होती आणि सकाळी ६ वाजता २५ अंश झाली असे धरा. केल्विनमध्ये हे ३०८.१५ आणि २९८.१५ होतात. ७.९५ ला २९८.१५ ने गुणून ३०८.१५ ने भागले की ७.६९ येतात, त्यातून ०.९५ वजा केले की गेजवर ६.७४ बार उरतात. म्हणजे दहा अंशांचा उतार झाला असेल, तर एक थेंबभरही हवा न गळता तुम्हाला नेमके तुमचेच रीडिंग मिळते. पुण्यात उन्हाळ्याच्या तोंडावर दुपार आणि पहाट यांत दहा अंशांहून अधिक फरक सहज पडतो. पण तुमच्या शेडमध्ये त्या रात्री तापमान पाचच अंशांनी उतरले असेल, तर जवळपास अर्धी घट गळतीची ठरते. म्हणून आज ठेकेदार बरोबर आहे असे मी म्हणत नाही आणि तुम्ही चूक आहात असेही म्हणत नाही. ती परीक्षा तापमानाच्या नोंदीसह पुन्हा घ्यावी, एवढेच म्हणतो.

गेजमध्ये तापमानाचीही नोंद करण्याची सोय असेल, तर ती चालू करा, पण तो आकडा बहुधा गेजच्या आतल्या सेन्सरचा असतो, पाइपमधील हवेचा नव्हे. त्यापेक्षा पाइपच्या पृष्ठभागाला चिकटवून, वरून इन्सुलेशनची पट्टी गुंडाळलेला एखादा साधा तापमान लॉगर जास्त खरे सांगतो. त्याचा इंटरव्हलही १ मिनिटच ठेवा आणि दोन्ही उपकरणांची घड्याळे एकाच मोबाइलवरून लावा, म्हणजे दोन्ही स्तंभ नंतर शेजारी शेजारी बसवता येतील. तसेच लाइन भरल्याबरोबर लॉगिंगचे पहिले रीडिंग धरू नका. कॉम्प्रेसरमधून आलेली हवा पाइपपेक्षा गरम असते. ती निवत असताना दाब उतरतोच. भरल्यानंतर किमान तासभर जाऊ द्यावा आणि तिथून पुढची घट मोजावी. गेजमध्ये विलंबित प्रारंभ किंवा ठरावीक वेळी प्रारंभ अशी सोय असते ती नेमकी यासाठी उपयोगी पडते. मला स्वतःला मात्र लॉग ताबडतोब सुरू करून पहिला तास हिशेबातून वगळणे अधिक पसंत आहे, कारण त्या तासाच्या आलेखाचा आकारही काही सांगून जातो: निवण्यामुळे होणारी घट वाकत वाकत सपाट होते, गळतीची रेषा इतक्या लवकर सपाट होत नाही.

परीक्षेसाठी दिवस निवडण्याची मोकळीक असेल, तर बुधवारची रात्र घ्या. आपल्या भागात बऱ्याच कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते, त्यामुळे शुक्रवारच्या पहाटेपर्यंत लाइनला कोणी हात लावत नाही आणि सलग दोन पहाटा नोंदीत येतात. गुरुवारी पहाटे आणि शुक्रवारी पहाटे पाइपचे तापमान सारखे असताना दाबही सारखा असेल, तर गळती नाही, हे सांगायला कोणत्याही सूत्राची गरज उरत नाही. वादाच्या प्रसंगी असा पुरावा दोन्ही बाजूंना पटतो, असे मी अनेकदा पाहिले आहे.

एककाविषयी येथेच सांगून टाकतो. आपल्याकडे शॉपफ्लोअरवर सर्रास ‘सात किलो प्रेशर’ असे बोलतात. त्या जुन्या डायल गेजवरील किलोग्रॅम प्रति चौरस सेंटिमीटर म्हणजे बार नव्हे. १ किलो म्हणजे ०.९८१ बार, म्हणून ७ किलो म्हणजे ६.८६ बार. जुन्या गेजवर ७ पाहून लाइन भरली आणि नव्या डिजिटल गेजवर बार लावून सकाळी मोजले, तर ०.१४ बारची घट नुसत्या एककातूनच निर्माण होते. लॉग सुरू करण्यापूर्वी एकक ठरवा, ते फाइलच्या नावात लिहा आणि लॉग चालू असताना बदलू नका. त्याचबरोबर गेज मोड निवडला आहे की निरपेक्ष दाबाचा, हेही पाहून घ्या. निरपेक्ष मोडमध्ये रिकाम्या लाइनवर पुण्यात ०.९५ च्या आसपास दिसले पाहिजे. ते पाहून कोणी शून्य करायला गेला, तर पुढची सगळी नोंद ०.९५ ने चुकते.

आता दिवसा येणाऱ्या अलार्मकडे वळू. माझ्या मते तुमच्या दोन कामांपैकी खरे अवघड काम हेच आहे. येथे इंटरव्हलचा नियम असा की, जी घटना पकडायची आहे तिच्या कालावधीपेक्षा नोंदींमधील अंतर बरेच लहान हवे. मशीनवरील प्रेशर स्विच काही मिलिसेकंदांत प्रतिसाद देतो. हातातले बहुतेक डिजिटल गेज मात्र आतल्या आत सेकंदाला मोजक्याच वेळा दाब मोजतात. तुमच्या गेजचा तो आकडा मॅन्युअलमध्ये मापनाचा वेग या शीर्षकाखाली मिळेल आणि तो लॉगिंग इंटरव्हलपेक्षा वेगळा असतो. गेज सेकंदाला चार वेळा मोजत असेल आणि तुम्ही इंटरव्हल १० सेकंदांचा ठेवला असेल, तर तात्कालिक मोडमध्ये चाळीसपैकी एकच मापन फाइलमध्ये जाते आणि बाकीची एकोणचाळीस टाकून दिली जातात. म्हणून या कामात प्रत्येक इंटरव्हलमधील किमान मूल्य नोंदवण्याचा पर्याय असेल, तर तोच निवडा. मग इंटरव्हल थोडा मोठा असला तरी मोजलेला सर्वांत खालचा दाब हरवत नाही. सरासरी येथे घातक आहे. ७ बारवरून अर्ध्या सेकंदासाठी ५ वर आलेला दाब १० सेकंदांच्या सरासरीत ६.९ दिसेल आणि अलार्म खोटा होता असा निष्कर्ष तुम्ही काढाल. फिल्टर किंवा डॅम्पिंग (रीडिंगमधील जलद चढउतार गुळगुळीत करणारी सेटिंग) याही बाबतीत तेच लागू आहे: होल्ड टेस्टमध्ये ते चालू राहिले तर बिघडत नाही, येथे ते बंदच हवे.

इंटरव्हल चुकल्यावर नोंद केवळ अपुरी राहते असे नाही. कधी कधी ती चक्क खोटे दाखवते, म्हणून एक अनुभव सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वी एका कारखान्यात मी कॉम्प्रेसर रूममध्ये १ मिनिटाच्या इंटरव्हलने लॉग घेतला होता. आलेखात सुमारे अर्ध्या तासाची सुंदर संथ लाट दिसली. दाब चढे, उतरे, पुन्हा चढे. आम्ही दोन दिवस रेग्युलेटर आणि ड्रायर तपासत बसलो. प्रत्यक्षात त्या कॉम्प्रेसरचे लोड-अनलोडचे, म्हणजे हवा भरण्याचे आणि भरणे थांबवण्याचे, चक्र सुमारे ५८ सेकंदांचे होते. ५८ सेकंदांच्या चक्राची दर ६० सेकंदांनी एक नोंद घेतली की प्रत्येक नोंद चक्रात दोन सेकंद पुढे सरकते आणि २९ मिनिटांत पूर्ण फेरी होते. अर्ध्या तासाची ती लाट लाइनमध्ये नव्हतीच, माझ्या सेटिंगमध्ये होती. तेव्हापासून कॉम्प्रेसर चालू असलेल्या लाइनवर लॉग लावण्यापूर्वी मी हातातल्या घड्याळाने लोड-अनलोडची चार-पाच चक्रे मोजतो आणि इंटरव्हल त्याच्या दहाव्या भागाहून मोठा ठेवत नाही.

तुमच्यासाठी १ किंवा २ सेकंदांचा इंटरव्हल योग्य वाटतो, पण येथे मेमरीचा हिशेब करावा लागतो. गेजमध्ये ६०,००० नोंदी मावतात असे समजा. १ सेकंदाने त्या १६ तास ४० मिनिटांत भरतात. सकाळी ७ ला सुरू केलेला लॉग रात्री ११ वाजून ४० मिनिटांनी संपेल आणि तिसऱ्या पाळीत आलेला अलार्म नोंदीबाहेर राहील. २ सेकंद ठेवले, तर ३३ तास २० मिनिटे मिळतात आणि तिन्ही पाळ्या सामावून दुसऱ्या दिवशी फाइल उतरवून घ्यायला सवड राहते. दाब आणि तापमान दोन्ही नोंदवत असाल, तर काही गेजमध्ये ही क्षमता निम्मी होते, हे ध्यानात ठेवा. या कामात तापमानाची नोंद बंद केली तरी चालेल. मेमरी भरल्यावर जुन्या नोंदींवर नव्या लिहिण्याचा पर्याय येथे उपयोगी आहे, मात्र अलार्म आला की त्याच पाळीत लॉग थांबवण्याची जबाबदारी एका व्यक्तीवर नाव घेऊन सोपवा. ट्रिगरची सोय असेल, म्हणजे दाब ठरावीक मर्यादेखाली गेला की जलद नोंद सुरू होते, तर मर्यादा मशीनच्या अलार्म बिंदूवर न ठेवता त्याच्या अर्धा बार वर ठेवा, म्हणजे पडझडीची सुरुवातही नोंदीत येईल.

गेज कुठे बसवता, हे सेटिंगइतकेच महत्त्वाचे आहे. कॉम्प्रेसर रूममधील रिसीव्हरवर (हवा साठवण्याच्या टाकीवर) बसवलात, तर मशीनजवळ पडलेला दाब तेथे जाणवणारही नाही. तो त्या मशीनच्या फिल्टर-रेग्युलेटरच्या अगदी आधी, टी लावून आणि मध्ये आयसोलेशन व्हॉल्व्ह ठेवून बसवा. तेथे काही सापडले नाही, तर रेग्युलेटरच्या पुढे बसवून पुन्हा एक दिवस लॉग घ्या. आधीच्या जागी दाब स्थिर आणि पुढच्या जागी पडलेला, असे आढळले, तर लाइनचा दोष नसून फिल्टरचा एलिमेंट चोंदला आहे किंवा रेग्युलेटर लहान पडतो आहे, हे जवळजवळ निश्चित होते. माझ्या पाहण्यात अशा तक्रारींपैकी बऱ्याच चोंदलेल्या फिल्टरवरच येऊन संपल्या आहेत. दोन्ही जागी काहीच दिसले नाही आणि अलार्म मात्र येत राहिला, तर या गेजचा वेग त्या कामाला अपुरा आहे असे समजून प्रेशर ट्रान्समीटर आणि जलद लॉगर वापरावा लागेल. प्रेशर स्विचची वायर सैल असण्याची शक्यताही त्याच वेळी तपासून घ्यावी.

घड्याळाकडे फार कमी लोक लक्ष देतात, म्हणून त्यावर थोडे विस्ताराने लिहितो. अलार्मची वेळ मशीनच्या कंट्रोलरवरून मिळणार आणि दाबाची वेळ गेजवरून. या दोन घड्याळांत चार मिनिटांचा फरक असेल, तर २ सेकंदांच्या नोंदीचा काहीच उपयोग नाही. लॉग सुरू करण्यापूर्वी दोन्ही घड्याळांचा एकत्र फोटो काढून ठेवा. काही गेजची सॉफ्टवेअर वेळ जागतिक प्रमाणवेळेत साठवतात. फाइलमधील प्रत्येक वेळ साडेपाच तास मागे दिसली, तर घाबरून जाऊ नका, वेळक्षेत्राची सेटिंग तपासा. बॅटरी बदलल्यावर काही गेजचे घड्याळ मूळ तारखेवर जाते. आणि तारखेतील दिवस-महिन्याचा क्रम: एक्सेलमध्ये ०३/०४ ही ३ एप्रिल आहे की ४ मार्च, हे संगणकाच्या सेटिंगवर अवलंबून असते आणि महिन्याच्या १२ तारखेपर्यंत ही चूक कोणाच्या लक्षातही येत नाही. गेजमध्ये वर्ष-महिना-दिवस असा क्रम मिळत असेल, तर तोच घ्या.

बॅटरीबाबत दोनच गोष्टी. काही वेळाने आपोआप बंद होण्याची सेटिंग लॉगिंगच्या वेळी निष्क्रिय होते का, हे मॅन्युअलमध्ये पाहा. होत नसेल, तर ती हाताने बंद करा. बॅकलाइट आणि ब्लूटूथ बंद ठेवा आणि रात्रभराच्या परीक्षेला नव्या अल्कलाइन बॅटऱ्या घाला.

हे सगळे झाल्यावरही मूळ लॉग लगेच सुरू करू नका. आधी दहा मिनिटांचा एक चाचणी लॉग घ्या. तो चालू असताना, घड्याळात वेळ पाहून, ड्रेन व्हॉल्व्ह एक सेकंदभर उघडा आणि ती वेळ कागदावर लिहा. मग फाइल संगणकावर उतरवून पाहा: ती घसरण दिसते का, योग्य वेळी दिसते का, किती खोल दिसते, एकक आणि दशांश चिन्ह बरोबर आले आहे का. सेकंदभराची घसरण या फाइलमध्ये दिसली नाही, तर अलार्मच्या वेळची घसरणही दिसणार नाही. माझ्या हाताखाली काम शिकलेल्या प्रत्येकाला मी ही चाचणी करायला लावली आहे आणि तिने वाचवलेले दिवस मोजता येणार नाहीत इतके आहेत.

फाइल उतरवल्यावर तिची मूळ प्रत जशीच्या तशी बाजूला ठेवा आणि आकडेमोड दुसऱ्या प्रतीवर करा. एक्सेलच्या एका शीटमध्ये १०,४८,५७६ ओळीच मावतात. दर सेकंदाच्या नोंदी बारा दिवसांपेक्षा थोड्या अधिक काळात ही मर्यादा गाठतात, म्हणून लांबचे लॉग आठवड्याचे तुकडे करूनच ठेवावेत. होल्ड टेस्टमध्ये गळती सिद्ध झाली, तर तिचे प्रमाणही याच फाइलवरून काढता येते. लाइन आणि रिसीव्हर मिळून १ घनमीटर आकारमान असेल आणि तापमान स्थिर असताना दाब १० मिनिटांत ७ वरून ५ बारवर आला असेल, तर साधारण २ घनमीटर मोकळी हवा गेली, म्हणजे मिनिटाला ०.२ घनमीटर किंवा सुमारे ७ सीएफएम (घनफूट प्रति मिनिट). व्यवस्थापनाला दुरुस्तीचा खर्च पटवताना ‘दाब पडतो’ या वाक्यापेक्षा हा आकडा अधिक उपयोगी पडतो.

शून्याची तपासणी सुरुवातीला आणि शेवटी, अशी दोनदा करावी. गेज ज्या स्थितीत बसवणार त्याच स्थितीत, आयसोलेशन व्हॉल्व्ह बंद करून आणि गेजकडील हवा पूर्ण सोडून, पाच मिनिटांनी रीडिंग पाहा. गेज मोडमध्ये शून्य नसेल, तर शून्य करा आणि तशी नोंद वहीत करा. गेज उन्हात किंवा कॉम्प्रेसरच्या गरम हवेच्या झोतात टांगू नका, कारण तापमानाने सेन्सरचे शून्यही सरकते. आपल्याच फिटिंगला साबणाचे पाणी लावून बुडबुडे येत नाहीत ना, हेही पाहा. गेजच्या जोडावर गळती असताना ठेकेदाराची लाइन नापास करणे अन्यायाचे होईल. लॉग संपल्यावर गेज काढण्यापूर्वी पुन्हा हवा सोडून शून्य वाचा आणि या वेळी ते दुरुस्त न करता जसे दिसेल तसे लिहून ठेवा. गेजचा पल्ला १० बार आणि अचूकता पूर्ण पल्ल्याच्या ०.१ टक्का असेल, तर ०.०१ बारपर्यंतचा सरक स्वाभाविक समजा. तो ०.०३ किंवा ०.०४ बार निघाला, तर त्या रात्रीची नोंद बाजूला ठेवा, गेज कॅलिब्रेशनला पाठवा आणि परीक्षा पुढच्या बुधवारी पुन्हा घ्या.